दोन घोड्यांसाठी वाडीत उघडा निवारा बांधायचा आहे: छप्पर आणि जमीन यांबाबत सल्ला हवा

नमस्कार. अलिबाग तालुक्यात नागावजवळ आमची नारळ-सुपारीची वाडी असून तिथे एक घोडा आणि एक घोडी आहे. दिवाळीपासून मेअखेरपर्यंत दोन्ही जनावरे वाडीत मोकळी असतात आणि पावसाळ्यात गोठ्याच्या पडवीत बांधली जातात. पडवी बुटकी आहे. घोड्याने मान वर केली की कान वाशांना लागतात, आणि दोघांना आडवे होण्याइतकी जागाही तिथे नाही. म्हणून येत्या पावसाआधी तीन बाजूंनी बंद व एका बाजूने उघडा, घोड्यांना आपल्या मर्जीने आतबाहेर करता येईल असा साधा निवारा बांधायचा आहे.

एका घोड्याला १२ बाय १२ फूट या हिशेबाने २४ फूट लांब आणि १२ फूट खोल जागा धरली आहे. मध्ये भिंत घालणार नाही आणि तोंडही अरुंद ठेवणार नाही, कारण घोडी दांडगी आहे. दार लहान ठेवले तर ती दारात उभी राहील आणि घोडा बाहेर भिजत राहील. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, त्यामुळे पाठ पश्चिमेला व तोंड पूर्वेला असेल. छप्पर एकपाखी, पुढे १० फूट आणि मागे ८ फूट उंच, म्हणजे पागोळ्या तोंडाशी न पडता मागच्या बाजूला पडतील. जागा नारळांपासून दूर निवडली आहे. झावळी पडली तर पत्रा वाकेल, पण नारळ पडला तर कौलाचे काय होईल हे सांगायला नको.

पहिला प्रश्न छपराचा आहे. मंगलोरी कौले उन्हात थंड राहतात आणि पत्र्यासारखा पावसाचा ताशा वाजत नाही, परंतु ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या भागातील कौले पाचोळ्यासारखी उडालेली पाहिल्यावर उघड्या तोंडाच्या छपरावर ती घालण्याचा धीर होत नाही. चक्रीवादळात वारा दिशा बदलतो, तो तोंडातून आत शिरला तर छप्पर खालून उचलले जाते. जस्ती पत्रा जे-हुकांनी नीट आवळता येतो, मात्र खाऱ्या हवेत हुकांच्या भोकांपासूनच गंज सुरू होतो. रंगीत पत्रा वापरणाऱ्यांचा समुद्राजवळचा अनुभव काय आहे? पत्र्याखाली उष्णता अडवण्यासाठी झापांचा थर दिला तर चालेल का, की त्यात उंदीर-विंचवांची सोय होईल?

दुसरा प्रश्न जमिनीचा, आणि माझ्या मते खरे काम तिथेच आहे. पावसात आमच्या वाडीत जमिनीखालचे पाणी अगदी वर येते आणि सतत ओलीत उभे राहिल्यास घोड्याच्या खुराच्या तळव्याला कुजट वास येऊन काळा चिकट स्राव सुटतो. चिऱ्याचे दीड फूट जोते करून त्यात खडी, वर धुम्मस केलेला मुरूम आणि दर चार फुटांना एक इंच उतार, असा बेत आहे. गवंडी सिमेंटचा कोबा करा म्हणतात, पण नाल मारलेला घोडा ओल्या कोब्यावर घसरतो आणि कडक जमीन सांध्यांना बाधते. वाडीतली पुळण फुकट मिळते व पाणीही शोषते. पण सांडलेल्या दाण्याबरोबर वाळू पोटात जाऊन पोटशूळ उठतो, म्हणून गव्हाणीच्या जवळपास तरी ती नको आहे. मुरमावर मूत्र मुरून दर्प साठतो असे ऐकले आहे. कोणी मुरमावर रबरी मॅट अंथरली असल्यास तिच्याखाली ओल धरते का? अंथरणासाठी भाताचा पेंढा सहज मिळतो, परंतु पावसात त्याला बुरशी येते आणि घोडे तो खातातही. लाकडाचा भुसा बरा पडेल का?

भिंतींबाबत फारसा गोंधळ नाही. चार फुटांपर्यंत चिरा, आतून गुळगुळीत गिलावा आणि त्यावर छपराखाली फूटभर फट सोडून फळ्या, इतके पुरेसे वाटते. घोडा लाथ मारतो त्या उंचीवर पत्र्याची धार कुठेही येऊ द्यायची नाही. खांबांसाठी वाडीतलीच सुरूची लाकडे वापरण्याचा वडिलांचा आग्रह आहे. जमिनीत पुरली तर वाळवी त्यांना फार काळ टिकू देणार नाही, तेव्हा सिमेंटच्या ठोकळ्यात लोखंडी पट्टी बसवून त्यावर ती बोल्टने जोडावीत, की सरळ चिऱ्याचे खांब उभारावेत? चिऱ्याचा खांब वादळात छप्पर धरून ठेवील की नाही, याबद्दल कोकणातील जाणकार गवंड्यांचे मत असेल तर ते आधी कळवावे, कारण जोत्याचा पाया त्यावरच ठरणार आहे.