पीआरसीची (आमदारांच्या पंचायत राज समितीची) साक्ष: निवृत्त माणसाला जावंच लागतं का?

भीमाकाठ
वडील 2018 ला गटविकास अधिकारी म्हणून निवृत्त झाले. परवा जुन्या पंचायत समितीतून फोन आला, "साहेब, पीआरसी येतेय. तुमच्या काळातल्या नळपाणी योजनेवर आक्षेप आहे, साक्षीला यावं लागेल." कागद नाही, पत्र नाही. तेव्हापासून वडिलांची झोप उडालीय. 2016 च्या डायऱ्या काढून बसतात आणि मधूनच मला विचारतात, "एमबीवर (कामाच्या मोजमाप वहीवर) माझी सही होती का रे?" मला काय माहीत! आई म्हणते, पेन्शनीत गेलेल्या माणसाला कोण बोलावतंय. आमदारांच्या समितीला तसा अधिकार असतो का? नाही गेले तर पेन्शन अडेल का?

चहा_टपरी
सांगा, गावाला गेलोय. विषय संपला.

जुना_कक्ष_अधिकारी
टपरीवाले, असले सल्ले देऊ नका.

मी मंत्रालयात 31 वर्षं काढली, त्यातली सहा लोकलेखा समितीच्या फायलींत. भीमाकाठ, अधिकार आहे. घटनेच्या अनुच्छेद 194 मधून विधिमंडळाला विशेषाधिकार मिळतात, समित्यांना साक्षीदार बोलावता येतात, आणि निवृत्तीने त्यातून सुटका होत नाही. दिल्ली विधानसभेच्या समितीने फेसबुकचे अजित मोहन यांना बोलावलं होतं. ते तर सरकारी नोकरही नव्हते. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, बाहेरच्या माणसालाही बोलावता येतं. मात्र पोलीस, कायदा-सुव्यवस्था असे जे विषय त्या विधानसभेच्या हातातच नाहीत, त्यांवरची उत्तरं नाकारता येतील.

आता फोनबद्दल. हे समितीचं बोलावणं नव्हे. ते विधानमंडळ सचिवालयाकडून लेखी येतं. हा फोन घाबरलेल्या कनिष्ठ सहायकाचा असणार.

प्रत्यक्षात काय होतं सांगतो. आक्षेप खुर्चीला लागतो, माणसाला नाही. साक्ष जिल्हा परिषदेच्या आजच्या सीईओंची, बीडीओंची (गटविकास अधिकाऱ्यांची) होते आणि ते एकच शब्द घट्ट धरून बसतात, "तत्कालीन". तत्कालीन अधिकाऱ्यांच्या काळातली बाब आहे महोदय, तत्कालीन अभिलेख उपलब्ध नाहीत महोदय. माझ्या सहा वर्षांत या शब्दाने जेवढे सचिव वाचवले तेवढे कुठल्या वकिलाने वाचवले नसतील. तत्कालीन माणूस स्वतः समोर बसलेला मी फक्त दोनदा पाहिला. दोघंही स्वतःहून आले होते आणि दोघांकडेही झेरॉक्स होत्या.

पेन्शनचं म्हणाल तर 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांतला नियम 27 वाचा. निवृत्तीनंतर नवी विभागीय चौकशी लावायची तर घटना चार वर्षांच्या आतली लागते. तुमची 2016 ची. आधीच चौकशी चालू असेल तर गोष्ट वेगळी.

न्यूजर्सीचा_नाना
इकडे ट्रम्प यांचे सल्लागार पीटर नवारो व्हाइट हाउसमधून बाहेर पडले होते, तरी 6 जानेवारी 2021 च्या संसदेवरच्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या समितीपुढे गेले नाहीत म्हणून 2024 मध्ये चार महिने तुरुंगात बसले. पण शिक्षा कोर्टाने दिली. आपल्याकडे आमदारच देतात का?

जुना_कक्ष_अधिकारी
नाना, समिती देत नाही, सभागृह देतं. 2008 मध्ये आपल्या विधानसभेने राज्य निवडणूक आयुक्त नंदलाल यांना दोन दिवस आर्थर रोडला पाठवलं होतं. आपण घटनात्मक पदावर आहोत म्हणून ते विशेषाधिकार समितीपुढे गेले नव्हते. मार्च 2023 मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेने एका आमदारावर झालेल्या 2004 च्या लाठीमारासाठी सहा पोलिसांना मध्यरात्रीपर्यंत विधानभवनातच कोंडलं, त्यात एक जण तोवर आयएएस होऊन निवृत्तही झाला होता. पण ही शिक्षा हक्कभंगाची. एमबीवर सही केली म्हणून कोणी कोंडत नाही.

भीमाकाठ, वडिलांना म्हणावं लेखी पत्र मागा. आलं तर जा, आणि संबंधित फाइल आधी बघायला मिळावी असा अर्ज द्या. फाइल न बघता आठवणीवर बोलू नका.

भीमाकाठ
काका, वडिलांनी आज स्वतः फोन लावला आणि लेखी पत्र मागितलं. पलीकडून, "पत्राचं राहू द्या साहेब. एमबी कुठल्या कपाटात असायची तेवढं सांगा." वडिलांनी कपाट, कप्पा, सगळं सांगितलं. आत्ता घोरतायत.