जागतिक धर्म आणि शिक्षण: पदवी आणि शिक्षकपात्रता

बरेच जण विचारतात की इंग्लंडमध्ये 'धर्म आणि शिक्षण' अशी जोड पदवी केली की थेट शाळेत शिकवता येतं का. सरकारी शाळांत सहसा नाही. तिथे 'क्यूटीएस' ही शिक्षक म्हणून अधिकृत पात्रता लागते, आणि ती पदवीत समाविष्ट नसेल तर सहसा वर्षभराचा पीजीसीई, म्हणजे पदवीनंतरचा शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रम, करावा लागतो. त्यात किमान दोन शाळांत प्रत्यक्ष शिकवणं येतं. इंग्रजी आणि गणितात जीसीएसई (तिथली साधारण सोळाव्या वर्षीची शालेय परीक्षा) ग्रेड ४ किंवा समकक्ष हवं; भारतातून जाणाऱ्यांनी समकक्षतेचं आधीच विचारून ठेवावं, अर्ज इथेच अडकतात.

शाळेतल्या धर्मशिक्षण या विषयाची चौकट समजून घ्या. १९४४ च्या कायद्याने धर्मशिक्षण सक्तीचं झालं. १९८८ च्या कायद्याने स्थानिक अभ्यासक्रमांत ख्रिस्ती परंपरेबरोबर इतर प्रमुख धर्मही घ्यायला लावले. तरी हा विषय राष्ट्रीय अभ्यासक्रमाबाहेरच आहे. पालक मुलाला तासातून काढून घेऊ शकतात, हेही लक्षात असू द्या.

विद्यापीठात धर्माचे अभ्यासक निनियन स्मार्ट यांनी मांडलेली धर्माची सात परिमाणं, म्हणजे अंगं, हमखास भेटतील: विधी, कथा, अनुभव, संस्था, नीती, तत्त्वज्ञान, आणि नंतर जोडलेलं भौतिक. निबंधात चुकतं ते इथेच. सातही रकाने भरले की विश्लेषण झालं असं वाटतं. वारीच घ्या: चालणं हा विधी, पण दिंडीची शिस्त ही संस्था आणि अभंग गाणं हा अनुभवही. एकाच गोष्टीत परिमाणं कशी गुंततात ते दाखवा. आणि 'हिंदूंचं बायबल म्हणजे गीता' असलं वाक्य तर कटाक्षाने टाळा, गुण तिथेच जातात.