मदत हवी आहे: रविवारी गौताळा, एका दिवसात काय काय होईल?

निवांत: या रविवारी कन्नडजवळचं गौताळा अभयारण्य करायचंय. पितळखोरा लेणी, सीतान्हाणी, तळं, जमलं तर अंतूर किल्ला. एका दिवसात बसेल का? गाडी आतपर्यंत जाते का? लवकर सांगा, उद्या गाडीवाल्याला होकार द्यायचाय.

पळसपान: निघणार कुठून? सोबत कोण? अभयारण्य २६० चौ. किमीचं आहे, असं मोघम विचारून कसं सांगणार?

कन्नडचा_मी: चाळीसगावकडून येणार असाल तर औट्रम घाटाची आधी चौकशी करा. ऑगस्ट २०२१ मध्ये दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता.

निवांत: लातूरहून. मी, बायको, दोन पोरं, आई.

बालाघाटी: लातूरहून कन्नड काहून? येडशीचं रामलिंग जवळ पडतं. पावसात धबधबा असतो, झाडी दाट, देवदर्शनही होतं. आम्ही दर श्रावणात जातो.

पळसपान: रामलिंग चांगलंच आहे, पण त्यांनी विचारलंय गौताळ्याचं.

बालाघाटी: तीनशेच्या वर किमी गाडीत बसून पोरं जंगल बघतील का झोपतील? मी पोरांचा विचार करून सांगतोय.

वनवेडा: २०२१ मध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्याचा वाघ चालत गौताळ्यात आला होता! लेन्स कोणती आणताय? २०० एमएमची पुरत नाही.

कन्नडचा_मी: लेन्सचं राहू द्या. आईंचे गुडघे कसे आहेत? पितळखोऱ्याला पठारावरून दरीत पायऱ्या उतराव्या लागतात. मागच्या श्रावणात सासूबाईंना नेलं होतं. उतरल्या नीट, पण चढताना दर वीस पायऱ्यांना बसवावं लागलं. एका हिरव्यागार शेवाळलेल्या पायरीवर त्यांची चप्पल सरकली. मी दंड धरून होतो म्हणून निभावलं.

निवांत: आई ७२ ची, गुडघे गेलेत. तिचं माहेर नागद. लहानपणी बैलगाडीनं कन्नडला येताना तळ्याशी बैल सोडायचे, भाकरी तिथंच खायची, असं सांगते. मामा गेल्यापासून तिकडं जाणंच झालं नाही. तिला तळं बघायचंय.

कन्नडचा_मी: अहो, हे आधी सांगायचं! पितळखोरा, अंतूर दोन्ही सोडा. शनिवारीच निघून कन्नडला मुक्काम करा. कन्नड-नागद रस्ता अभयारण्यातूनच जातो, तळं त्याच वाटेवर. सकाळी गेटवर नोंद करून आत शिरा, आईंना हवं तेवढं बसू द्या, मग घाट उतरून नागद. अंधाराआधी जंगलाबाहेर पडा, बिबटे आहेत.

बालाघाटी: माहेर आहे म्हटल्यावर माझं म्हणणं मागं घेतो. भाकरी घरून बांधून न्या, आईंना तिथंच खाऊ द्या.

पळसपान: आणि माकडांना काही टाकू नका, गाडीमागं लागतात.

निवांत: गाडीवाल्याला शनिवारचं सांगितलं. आईनं नागदला फोनही केला. सात सीटची गाडी आहे, तो घाट जमेल ना?

कन्नडचा_मी: जमेल. वळणावर हॉर्न वाजवत जा, गुरं असतात.