राज्यात लाखो संस्था, पण वही एकच

खतावणी:
परवा एका परिसंवादात वक्ते छाती फुगवून म्हणाले, सामाजिक संस्थांच्या संख्येत महाराष्ट्र देशात पहिला. टाळ्या पडल्या. आकडा खोटा नाही. केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने २००८ पर्यंतच्या नोंदण्या मोजल्या तेव्हा देशात ३१ लाखांवर ना-नफा संस्था निघाल्या आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा, ४.८ लाखांच्या आसपास, असा आकडा तेव्हा छापून आला होता. पण त्याच मोजणीचा दुसरा टप्पा कुणी सांगत नाही. देशभरात साधारण २२ लाख संस्थांच्या पत्त्यांवर माणसं गेली, तेव्हा जेमतेम ७ लाख सापडल्या. नोंदवहीत जन्म लिहिले जातात, मृत्यू नाही.

माझा खरा मुद्दा मात्र पुढचा आहे. जिवंत आहेत त्यांत काय काय येतं बघा. देवस्थान, गोशाळा, तालीम, नाट्यसंस्था, ज्ञातीचं वसतिगृह, चाकरमान्यांचं ग्रामविकास मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, शेकडो खाटांचं रुग्णालय, रयतसारखी शेकडो शाळा चालवणारी संस्था, आणि आमचं दोन खोल्यांचं वाचनालय. सगळे सार्वजनिक न्यास, म्हणजे ट्रस्ट. १९५० चा एकच सार्वजनिक विश्वस्त कायदा, तेच हिशेबाचे अनुसूची ८ आणि ९ चे नमुने, तोच चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलले की करायचा अर्ज. आमचे एक विश्वस्त वारले. त्यांच्या जागी दुसरे घेतले, मुदतीत अर्ज केला. पुढची निवडणूक झाली तरी पहिला अर्ज प्रलंबितच. आता दुसरा पहिल्यावर अडलाय आणि बँक विचारते, सही कुणाची? मोठ्या संस्थेला हे जाणवतही नाही, तिच्याकडे वकील पगारावर असतो.

माझं म्हणणं, उत्पन्नानुसार थर करा. छोट्यांना एक पानाचा हिशेब आणि विश्वस्तबदलाची नुसती सूचना पुरे. मोठ्यांना आजच्यापेक्षा दुप्पट जाच करा, माझी हरकत नाही.

उंबरठा:
छोटं ते पवित्र, हे कुठून आलं? २२ लाखांतल्या १५ लाख सापडल्या नाहीत, त्या काय मोठ्या होत्या? गायब होतात त्या छोट्याच. आमच्या तालुक्यात निराधार मुलांच्या नावाने एक ट्रस्ट होता. मुलं चार, विश्वस्त सात आणि सातही एकाच घरातले. कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "आम्ही छोटी माणसं, हिशेब कुठे ठेवत बसणार." तुम्हाला हवी असलेली सूट त्यांनी स्वतःच घेतली होती.

जुना_कारकून:
धर्मादाय आयुक्तांच्या, म्हणजे ट्रस्ट नोंदवणाऱ्या, कार्यालयात बरीच वर्षं काढली, म्हणून थोडं आतलं. एकाच वहीची तक्रार बरोबर आहे, पण वही का तशी झाली ते पाहा. संस्थेच्या क्रमांकाच्या आधी अक्षर असतं ना? ए म्हणजे हिंदूंच्या हितासाठी, सी म्हणजे पारशांच्या, ई म्हणजे जातधर्माचा भेद न करणारी, एफ म्हणजे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालीही नोंदलेली. क्रमांकावरून धर्म कळतो, कायदा कळतो, संस्था काय करते ते कळत नाही! कारण १९५० साली कायदेमंडळाच्या डोळ्यासमोर प्रामुख्याने देवस्थानं आणि धर्मादाय मिळकती होत्या. जमिनी कुणाच्या नावावर, दक्षिणापेटी कोण उघडतं, हा प्रश्न होता. शाळा, दवाखाने, अंधश्रद्धा निर्मूलन, जलसंधारण हे सगळं नंतर त्याच कपाटात कोंबत गेलो.

तुमचे थर मात्र चालायचे नाहीत. उत्पन्नाची रेघ मारली की दुसऱ्या दिवशी एका संस्थेच्या तीन होतील. कॉलेजचा ट्रस्ट वेगळा, वसतिगृहाचा वेगळा, खाणावळीचा वेगळा. तिन्ही रेघेखाली. हे मी कल्पनेने बोलत नाही, इतकंच लिहितो.

रानजाई:
आकड्याला इतकं हिणवू नका हो, खतावणी. बऱ्याच संस्था उभ्या राहतात, बऱ्याच बुडतात, त्यातली एखादी सगळ्या देशाला उपयोगी पडते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये सर्च ही आरोग्यसंस्था सुरू केली. गावातल्या बायांना शिकवून नवजात बाळांची घरातच काळजी घेता येते हे त्यांनी दाखवलं, आणि पुढे ती पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत सरकारी कार्यक्रमात गेली. त्याआधी १९७० पासून जामखेडला आरोळे दांपत्याने फारसं न शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका केलं होतं. सुरुवातीला यातली कुठली टिकेल हे कुठल्या साहाय्यक धर्मादाय आयुक्ताला सांगता आलं असतं? बी जास्त पेरावंच लागतं.

उंबरठा:
ताई, बी कुजलं तर मातीत मिसळतं. संस्था कुजली तर जमीन अडकते. ट्रस्टची स्थावर मिळकत विकायला याच कायद्याच्या कलम ३६ ची परवानगी लागते आणि ती मागायला कायदेशीर विश्वस्त लागतात. विश्वस्त वारलेले, नवे नोंदलेले नाहीत. मग भर बाजारातलं वसतिगृह पडतं, पिंपळ उगवतो आणि शेवटी कुणीतरी घुसतं. माझ्या गावच्या चौकात असं एक आहे.

खतावणी:
उंबरठा, हे तर तुम्ही माझ्याच बाजूने बोललात. विश्वस्त का नोंदलेले नाहीत? चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षं पडून राहतो म्हणून.

उंबरठा:
किंवा कुणी भरलाच नाही म्हणून. दोन्ही असतं. आणि समजा भरला. नुसत्या "सूचनेवर" विश्वस्त बदलता येऊ लागले, तर उद्या तुमच्या वाचनालयाची सूचना दुसराच कुणी देईल. गावात दोन गट असले की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. आज निदान सुनावणी होते.

सातवा_सदस्य:
माझं नावच बघा. संस्था नोंदवायला सात माणसं लागतात. आमची सहा होती, मला रस्त्यातून उचलून सातवा केला. तेवीस वर्षं झाली, अजून सुटका नाही.

तर मुद्दा. सगळ्यांना एकच माप हे धाग्यातलं मूळ विधानच चुकीचं आहे. सर्वांत मोठे आधीच वेगळे आहेत. सिद्धिविनायकासाठी १९८० चा स्वतंत्र कायदा, शिर्डी संस्थानासाठी २००४ चा, पंढरपूरच्या मंदिरांसाठी १९७३ चा. तिथे सरकार समिती नेमतं. धर्मादाय रुग्णालयांना १९५० च्याच कायद्याचं वेगळं कलम, ४१ एए, लागतं. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत आणि बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. म्हणजे कामानुसार वेगळं माप लावता येतं, लावलंही आहे. रेघ उत्पन्नाची नको, कामाची हवी. शाळेला शाळेचं, देवळाला देवळाचं.

जुना_कारकून:
हे पटण्यासारखं आहे. कामाची रेघ चोरता येत नाही. देऊळ स्वतःला गोशाळा म्हणू शकत नाही. (म्हणतं कधीकधी.)

रानजाई:
कामाची रेघ कागदावर सोपी वाटते. आमची संस्था सकाळी बालवाडी चालवते, दुपारी बचतगटांच्या बैठका घेते, पावसाळ्यात रोपं लावते, आणि गावात कुणाला मारहाण झाली की पोलीस ठाण्यात जाऊन बसते. कुठल्या खान्यात टाकणार? खाना ठरला की देणगीदारही त्याच खान्याचे पैसे देतील. सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक खर्चाचं, तेच झालंय. मोठ्या कंपनीने नफ्याचे दोन टक्के खर्च करायचे आणि आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचं, असं कायदाच म्हणतो. मग कारखाना नाही तिथल्या संस्थेने कुणाकडे बघायचं? परदेशी मदतीचं तर २०२० च्या कायदादुरुस्तीनंतर बोलायलाच नको. मोठ्या संस्थेने आपल्या निधीतून छोटीला वाटा द्यायचा, तो रस्ताच बंद झाला.

पाटीपेन्सिल:
परदेशी मदत हा वेगळा धागा होईल, तिकडे वळू नका. मला शिक्षणसंस्थांबद्दल बोलायचंय, कारण या सगळ्यात खरा पैसा तिथे आहे आणि सगळे देवळांवर घसरताहेत. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावात रयत काढली तेव्हा वसतिगृहासाठी धान्य मागून आणलं जायचं. १९४५ मध्ये बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, पुढच्याच वर्षी सिद्धार्थ कॉलेज उभं राहिलं. या त्यागाच्या जोरावर 'संस्था' शब्दाला जी इज्जत मिळाली ती १९८३ नंतर विनाअनुदानित कॉलेजवाल्यांनी आयती वापरली. तोच कायदा, तोच एफ नंबर. शुल्क मात्र बाजाराचं. अध्यक्ष वडील, सचिव मुलगा, सून प्राचार्य. याला ना-नफा म्हणायचं आणि खतावणींच्या वाचनालयालाही ना-नफाच म्हणायचं, यात भाषेचाच अपमान आहे.

उंबरठा:
विनाअनुदानित कॉलेजांतून खेड्यातली पोरं इंजिनिअर झाली, तेही लिहा. सरकारने काढली असती का तेवढी कॉलेजं?

पाटीपेन्सिल:
झाली. मीही त्यातलाच. वडिलांनी दीड एकर विकून. म्हणून तर म्हणतो, ना-नफा म्हणू नका.

सातवा_सदस्य:
खतावणी, एक विचारू? रागावू नका. तुमचं वाचनालय हिशेब लोकांना दाखवतं का? धर्मादाय कार्यालयात दाखल करता तो नव्हे, गावाला. कारण सूट मागायची तर निदान तेवढं हवं. माझी अट एवढीच: कायद्याने जाच कमी करा, पण पत्रक दारावर लावा. विश्वस्त कोण, पैसे किती आले, कुठे गेले. शेजाऱ्याइतका कडक लेखापरीक्षक कुठे मिळणार?

उंबरठा:
हे चालेल मला. दारावर पत्रक आणि खाली फोन नंबर. पण आधी खतावणींनी दाखवावं. इथेच टाका.

खतावणी:
टाकतो. वाचनालय 'क' वर्गाचं आहे, शासनाचं अनुदान दोन हप्त्यांत येतं, दुसरा हप्ता बहुधा उशिरा. रकमा टाकत नाही, कारण यंदाचं पत्रक अजून सभेपुढे जायचंय. पण खर्चाचा उतरता क्रम सांगतो, काल रात्रीच लावला. पहिला, ग्रंथपाल आणि शिपाई यांचे पगार. दुसरा, वृत्तपत्रं आणि मासिकं. तिसरा, वकील, झेरॉक्स आणि जिल्ह्याला जाण्या-येण्याचा प्रवास. चौथा, नवी पुस्तकं.

जुना_कारकून:
तिसरा आणि चौथा परत तपासा. उलटे लिहिले गेले असतील.

खतावणी:
तपासले. बरोबर आहेत.