फिल्टर कॉफीचा चोथा एका ओढीत काढणारी चकती: अर्धा चोथा खालीच राहतोय

टिळकवाडी_तिघं
आम्ही बेळगावचे तिघं मित्र मिळून स्टीलच्या कॉफी फिल्टरसाठी एक जोड बनवतोय. वरच्या भांड्याच्या तळाशी भोकांची चकती ठेवायची, मधोमध उभी सळी, त्यावर पावडर. डिकॉक्शन उतरलं की सळी ओढायची, चोथा वडीसारखा वर यावा. भांड्याचा आतला व्यास ७५ मिमी, चकती ७४ची, पत्रा १ मिमी, भोकं २ मिमीची, पावडर ६० ग्रॅम. चोथा निम्माच वर येतो, बाकीचा कडेनं खाली घसरतो. डिकॉक्शनही नेहमीपेक्षा पातळ. सळी वेल्ड केल्यावर चकती बशीसारखी झाली ते वेगळंच. कुठं चुकतंय?

उद्यमबाग_फिटर
७५ हे माप कुठं घेतलंय, तोंडाशी की तळाशी? ही भांडी पत्रा दाबून काढतात. बहुतेकांचं तोंड तळापेक्षा जरा मोठं असतं आणि पूर्ण गोल तर क्वचितच. व्हर्नियरनं तळ, मध्य आणि तोंड, तिन्ही ठिकाणी आडवं-उभं माप घ्या. चकती तळाच्या मापाची असली तर वर येताना फट वाढत जाते, आणि चोथा तिथूनच घसरतो. डिकॉक्शन पातळ होण्याचं कारणही तीच फट आहे. पाणी पावडरीतून न जाता कडेनं निसटतं.

चकती ७२ची करा आणि कडेला फूड ग्रेड सिलिकॉनची पातळ ओठी बसवा, सायकल पंपाच्या वायसरसारखी, तोंड वरच्या बाजूला. ओढताना चोथ्याच्या वजनानं ओठी बाहेर फाकते आणि भिंत पुसत येते. ओठीचा बाहेरचा व्यास तोंडाच्या मापापेक्षा १ मिमी जास्त ठेवा. तोंड खाली ठेवलंत तर उलटा परिणाम होईल, ओठी आत दबेल.

भोकं २ मिमीची नकोत, बारीक पावडर खाली उतरून भांड्याची मूळ भोकं बुजवते. १ मिमी पत्र्याला १ मिमी भोक लेझरवर निघतं. जाळी मात्र लावू नका. तारांच्या विणीत भुगा अडकला की ब्रशनंही निघत नाही. आणि सळी वेल्ड करायची गरजच नाही. टोकाला एम ६ (६ मिमी मापाचे) आटे पाडा, खालून डोम नट लावा. फिल्टरच्या दाबायच्या चकतीला मध्ये ६.५ मिमी भोक पाडलं की ती याच सळीवरून सरकेल.

शहापूरच्या_काकू
बाळांनो, ओढायची घाई करू नका. चोथा आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवतो. ठिबकणं पूर्ण थांबल्याशिवाय वडी बांधत नाही, चिखलच वर येतो. चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळायची भाजलेल्या मुळाची पूड, किती घालता? चिकोरीनं चोथा चिकट होतो आणि भोकंही लवकर बुजतात. नुसत्या कॉफीचा चोथा मोकळा राहतो, पण वडी फुटते. म्हणून दोन्ही पावडरींवर वेगवेगळी चाचणी घ्या.

भोकं बुजली की काही जण भांडं गॅसवर तापवतात. स्टीलला चालतं, पण कल्हई केलेल्या पितळेला कधीच नाही. कथील २३२ अंशांलाच वितळतं. सुईनं टोकरलं तर भोकं मोठी होतात. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून भांडं रात्रभर बुडवून ठेवा, तेलकट थर सुटतो.

आणि वडी मोरीत टाकायची नाही हे डब्यावर ठळक छापा. चोथा विरघळत नाही, सिंकखालच्या वळणात बसतो आणि तेला-साबणाबरोबर घट्ट होतो. कुंडीत टाकायचा तर पातळ पसरून मातीत मिसळा. जाड थर वाळला की वरून पपडी धरते आणि पाणी आत जात नाही.

टिळकवाडी_तिघं
काकू, चिकोरी ३० टक्के होती. फिटरदादा, कागदाची ओठी कापून लावून बघितली, कडा स्वच्छ आल्या. पण चकती इंचभर वर येऊन अडते, मग एकदम सुटते आणि ओट्यावर शिंतोडे उडतात.

उद्यमबाग_फिटर
खाली हवा जात नाही म्हणून ओढ लागते. आधी खालचं भांडं वेगळं करा, मग सळी पाव वळसा फिरवा. तळाच्या भोकांवरची ओली साय तुटते, हवा आत शिरते. त्यानंतर सावकाश ओढा. तरीही अडलं तर सळीऐवजी पोकळ नळी लावून चकतीखाली २ मिमी भोक पाडता येईल. पण नळी आतून धुणं अवघड, धुणं सोपं करायला निघालात तर तो उपाय शेवटचा.

कॅम्प_वाचक
विकायचा विचार असेल तर पुढचे फोटो इथं टाकू नका. अर्जाआधी कल्पना जाहीर झाली की पेटंटसाठी लागणारं नावीन्य धोक्यात येतं, आणि मूळ रचना तर वर लिहिलेलीच आहे. ओठी-सळीची नेमकी जोडणी निदान आता झाकून ठेवा. तात्पुरता अर्ज ऑनलाइन करता येतो. व्यक्तीच्या नावानं फी १,६०० रुपये, त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. कर्नाटकातले अर्ज चेन्नईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. तिघांचीही नावं अर्जदार म्हणून घाला. नुसता आकार राखायचा असेल तर डिझाइन नोंदणी वेगळी, ती आधी १० वर्षांची आणि पुढे ५ वर्षं वाढते.