पिकअप घेताना तारे मोजायचे की शेजाऱ्याचे किलोमीटर?

बहारवाला (वरुड तालुका)

मंडळी, संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड सुरू व्हायच्या आत पिकअप घ्यायची आहे. आजवर बाग व्यापाऱ्याला ठोक देत आलो. यंदा माल स्वतः नागपूरला, कळमन्याच्या बाजारात न्यायचं ठरवलंय. अंतर शंभरेक किलोमीटर. पण त्याआधी बागेपासून डांबरापर्यंत दोन किलोमीटर पांदण आहे, काळ्या मातीची. पाऊस पडला की ती पांदण राहत नाही, वावरच होते.

घरात दोन पक्ष पडलेत. भाचा पुण्याला असतो. तो रोज काहीतरी पाठवतो: या गाडीला पाच तारे, त्या कंपनीचा विश्वासात पहिला नंबर, अमेरिकेत अमुक पिकअप वीस वर्षं चालते. दुसरीकडे माझा साळा. त्याच्याकडे २०१५ पासून एकच पिकअप आहे. तो म्हणतो, डोळे झाकून हीच घ्या.

मी साळ्याच्या बाजूचा. रेटिंग देणाऱ्यानं माझी पांदण पाहिली नाही आणि माझा ड्रायव्हर तर त्याहून नाही. आमच्या भागाला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात, हे खरं. म्हणून काय तिथल्या पिकअपचे मार्क इथे धरायचे? ज्याला पटत नसेल त्यानं बोलावं. फक्त स्वतःच्या गाडीच्या कंपनीचं नाव घेऊ नका, नाहीतर सगळी चर्चा बैलजोडीच्या शर्यतीसारखी होते.

आकडेमोड

भाऊ, आधी भाच्याचा घोळ निस्तरतो, मग तुमचा.

ते पाच तारे अपघातात आतला माणूस किती वाचेल याचे आहेत. गाडी किती टिकेल याच्याशी त्यांचा संबंध नाही. आणि आपल्याकडे धडक-चाचणी करून तारे देणारं भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालं, ते माणसं नेणाऱ्या मोटारींसाठी. मालवाहू पिकअप त्यात येतच नाही. म्हणजे भाचा मोटारीचे तारे दाखवून तुम्हाला टेम्पो पसंत करायला लावतोय.

आता साळा. एक गाडी, एक मालक, एक ड्रायव्हर. एवढ्यावरून तुम्ही संत्र्याचं कलम तरी घ्याल का? त्यात त्यांची गाडी २०१५ ची. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराचा नवा सरकारी नियम आला. फाळक्यावरची अक्षरं तीच राहिली, पण बॉनेटखाली दुसराच संसार आहे: धूर गाळणारी जाळी, ढीगभर सेन्सर, वेगळं वायरिंग. साळा ज्या गाडीची ग्वाही देतोय ती आता शोरूममध्ये मिळतच नाही.

जुन्या नावावर विसंबण्याचं मोठं उदाहरण देतो. पिकअपमध्ये टोयोटा म्हटलं की लोक हात जोडतात. मे २०२४ मध्ये त्याच कंपनीनं अमेरिकेत २०२२-२३ सालच्या टुंड्रा पिकअप आणि काही लेक्सस मिळून लाखभर गाड्या परत बोलावल्या. कारखान्यातच इंजिनात धातूचा कीस राहून गेला होता. ज्यांची आधीची टुंड्रा लाखो मैल चालली, त्यांचा अनुभव खोटा नव्हता. तो फक्त दुसऱ्या इंजिनाचा होता.

बहारवाला

मग तुमच्या रेटिंगनं तो कीस आधी दाखवला होता का? तिथंही गाड्या रस्त्यात बंद पडल्यावरच कळलं ना? आणि तिथं बरेच जण पिकअप घरच्या मोटारीसारखी वापरतात. मागं हौदा रिकामा, पुढं बायको-पोरं.

स्टेअरिंगवाला (एमएच-२९)

आकडेमोड भाऊ, तुमी लय शिकलेले दिसता. मले एक सांगा, त्या रेटिंगवाल्यानं कधी पांढरकवड्याहून कापूस भरून हिंगणघाटले नेला काय? हौद्याच्या वर दोन हात कापूस, ताडपत्री बांधेल, मे महिन्याचं ऊन, अन् जिनिंगच्या बाहेर रात्रभर लाइन. चार घंटे इंजिन चालू-बंद, चालू-बंद.

माही गाडी ४ लाख किलोमीटर झाली. एकदाबी रस्त्यावर टाकून घरी आलो नाई. हे माहं रेटिंग.

आकडेमोड

दादा, मानलं. आता एवढंच सांगा, चार लाखात काय काय बदललं?

स्टेअरिंगवाला (एमएच-२९)

काई नाई. क्लच प्लेट तीनदा. कमानीचे पाटे तुटतेच, थे कोणी मोजत नाई. पंप दोनदा उतरवला. एकदा इंजिन खोलून हाफ इंजिनचं काम केलं. सेल्फ गेला तं एक हंगाम धक्का स्टार्टवर काढला, उतारावर लावत होतो गाडी. बाकी एक नंबर.

आकडेमोड

हाफ इंजिन "काई नाई" मध्ये बसतं! दादा, मी हसत नाहीये, माझा सगळा मुद्दा तुम्हीच मांडलात.

अमेरिकेत जे.डी. पॉवर नावाच्या कंपनीची पाहणी तीन वर्षं जुन्या गाडीच्या पहिल्या मालकाला विचारते की गेल्या १२ महिन्यांत काय काय बिघडलं. मग दर १०० गाड्यांमागे किती तक्रारी, ते काढते. कंझ्युमर रिपोर्ट्स ही तिथली ग्राहकांची संस्था आपल्या सभासदांना लाखो गाड्यांबद्दल विचारते. तिथं प्रश्न "गाडी कशी आहे?" असा नसतो, "काय काय बिघडलं?" असा असतो. कारण गाडी कशी आहे विचारलं की मालक घरच्या म्हशीसारखी तिची तारीफ करतो.

स्टेअरिंगवाला (एमएच-२९)

म्हैस दूध देते म्हून तारीफ करतो, भाऊ. फुकट नाई करत.

पुण्याचा भाचा

मामा, मीच तो.

तारे चुकले, मान्य. आकडेमोड सरांचं एक मात्र अर्धंच सांगून झालंय. जे.डी. पॉवरच्या मोजणीत फोन ब्लूटूथला जोडला जात नाही ही एक तक्रार आणि गिअरबॉक्स गेला हीही एकच तक्रार. गेली काही वर्षं तिथं सगळ्यात जास्त तक्रारी पडद्याच्या आणि फोन जोडण्याच्याच असतात. कंझ्युमर रिपोर्ट्स निदान मोठ्या बिघाडाला जास्त वजन देते. त्यामुळे नुसता नंबर पाहून काही कळत नाही, हे मीही शिकलो.

पण मामा, तुमच्या साळ्यांचं ऐकण्याआधी एक गोष्ट माहीत असू द्या. गेल्या महिन्यात त्यांनी मला फोन केला होता. त्या "डोळे झाकून घ्या" गाडीचे फोटो टाकून जाहिरात लिहून दे म्हणाले. आठ वर्षं उलटली की फिटनेस, म्हणजे आरटीओची तपासणी, दरवर्षी करावी लागते, त्याचा कंटाळा आला म्हणे.

बहारवाला

हे मला आजच कळतंय.

दहाबाराचा पाना (वणी रोड)

मी मिस्त्री. माझ्या गॅरेजात बिघडलेलीच गाडी येते, त्यामुळे माझा अनुभव विचाराल तर सगळ्याच गाड्या भंगार. इथं जी कंपनी जास्त विकते तिच्याच गाड्या माझ्याकडे जास्त उभ्या. याचा अर्थ ती वाईट, असा काढू नका. काही पोरं तेवढ्यावरूनच काढतात.

बीएस-६ बद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथं दोन्ही बाजू अंदाजानं बोलतायत. बहुतेक डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या लाइनीत जाळी असते. धुरातली काजळी तिच्यात अडकते. ती काजळी गाडी स्वतःच जाळून टाकते, पण त्यासाठी धूर चांगला तापलेला लागतो, म्हणजे गाडी थोडा वेळ सलग, बऱ्या वेगात पळाली पाहिजे. आता आपल्याकडचा धंदा बघा. गाव ते दूध डेअरी चार किलोमीटर, गाडी बंद. डेअरी ते कृषी केंद्र, बंद. कृषी केंद्र ते वावर, बंद. काजळी जळायला सुरुवात होते न होते तोच चावी फिरते. जाळी तुंबत जाते. मग दिवा लागतो. ड्रायव्हर दिव्यावर चिकटपट्टी लावतो (खोटं नाही, मी स्वतः काढली आहे). मग गाडीचा दम जातो, चढावर चालत नाही, आणि मालक येऊन म्हणतो कंपनीनं फसवलं.

तीच गाडी, तेच इंजिन, नागपूर ते हैदराबाद हायवेला पळणाऱ्याकडे असली तर जाळीचं नावही निघत नाही. आता दोघंही आपापल्या अनुभवाची शपथ घ्यायला तयार. सांगा, कोणाची धरू?

दुसरं म्हणजे लोड. एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलं की मालगाडीला परमिट लागत नाही, म्हणून बऱ्याच पिकअप त्या रेषेच्या जरा आत बसवलेल्या असतात. हे वजन गाडीसकट. माल १.३ टन धरा. संत्र्याचं कॅरेट वीस किलोचं धरलं तरी ६५ कॅरेटला हिशेब संपला. बहारवाले भाऊ, शंभरच्या खाली गाडी हलवाल का?

बहारवाला

खोटं कशाला बोलू. शंभराचाच हिशेब मांडला होता.

दहाबाराचा पाना (वणी रोड)

मग मागं दोन पाटे वाढवून घ्याल. पाटे वाढवल्यानं कमान धरते, पण हाउसिंग, बेअरिंग, क्लच आणि ब्रेक तेवढेच राहतात. ब्रेकचं तर कोणी विचारतच नाही. लोड दीडपट झाला म्हणून झीज दीडपटच होते असं नाही, ती फार पुढे जाते. असल्या वापराला कुठल्याच पाहणीत रकाना नाही.

दूधगाडी (वाशीम)

मी आमच्या बचतगटाचा हिशेब बघते. गटाच्या दूध संकलनाला दोन गाड्या आहेत. पहिली जुनी घेतलेली, दुसरी कर्ज काढून नवी. दोन्ही वेगळ्या कंपन्यांच्या. मला इंजिनातलं काही कळत नाही, म्हणून मी वहीत चारच गोष्टी लिहिते: तारीख, काय गेलं, किती रुपये, किती दिवस उभी.

मागच्या वर्षी जुनी गाडी नऊ वेळा बिघडली. नऊही वेळा मिळून सहा दिवस उभी राहिली. काही गेलं की बाजारात सामान मिळतं, चौकातला मिस्त्री दुपारपर्यंत बसवून देतो. नवी गाडी वर्षात दोनदाच बिघडली. एकदा अर्धा दिवस. दुसऱ्यांदा एक सेन्सर गेला. तो इथं कोणाकडे नाही, स्कॅनर लावणारा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी, सामान बाहेरून येणार. गाडी १९ दिवस उभी. रोज दोन वेळचं दूध भाड्याच्या गाडीतून न्यावं लागलं. त्या महिन्यात गटाला काही उरलं नाही, उलट खिशातून घातले.

आकडेमोड दादांच्या पद्धतीनं नऊ आणि दोन मांडले तर नवी गाडी साडेचार पट भरवशाची. स्टेअरिंगवाले दादांच्या पद्धतीनं जुनीचं "काई नाई". मला विचाराल तर दोघांनीही दिवस मोजलेच नाहीत.

आकडेमोड

ताई, हे मला आवडलं, आणि टोचलंही. उभे दिवस हा रकाना माझ्या डोक्यात नव्हता. शहरात गाडी वर्कशॉपला गेली तर माणूस रिक्षानं ऑफिसला जातो.

तरीही एक शंका आहे. १९ दिवस हे एका गाडीच्या एका बिघाडाचे. सामान मागवणारा माणूस सुट्टीवर असेल, चुकीचा भाग आला असेल. त्यावरून ती अख्खी गाडी नापास करणं म्हणजे पुन्हा साळ्याचाच न्याय, फक्त वहीत लिहिलेला.

दूधगाडी (वाशीम)

असेल अपवाद. मी कुठं म्हटलं ती गाडी वाईट आहे? दोनदाच बिघडली ती. मी म्हणते की ती आमच्या गावासाठी लांबची गाडी आहे. हीच गाडी नागपुरात कोणी वापरत असेल तर त्याला १९ दिवस लागणार नाहीत. आणि त्याचं रेटिंग वाचून मी घेतली, तर ते १९ दिवस माझे.

स्टेअरिंगवाला (एमएच-२९)

ताई सोळा आणे बोलल्या. माह्या गाडीचा वॉशर बी टपरीवर भेटते. म्हून तं रस्त्यावर टाकून आलो नाई कधी. गाडी बिघडे, पण आदल्या गावचा पोट्टा बी खोलून द्याचा तिले.

आकडेमोड

बघा दादा, आता तुम्ही गाडीचा नाही, टपरीचा आणि पोट्ट्याचा गुण सांगताय. तो खराच आहे. पण बीएस-६ च्या गाडीला तो पोट्टा पुरणार आहे का? पान्याबरोबर स्कॅनर लागतो. तुमची चार लाखांची गाडी गेली की हा गुणही तिच्याबरोबर जाईल. आणि एक गोष्ट तुमच्या अनुभवात कधीच येणार नाही, अपघात. ज्याची धडक झाली तो इथं लिहायला येत नाही. तिथं चाचणीच लागते, आणि पिकअपला तीच नाही. याचा राग मला भाच्याच्या ताऱ्यांपेक्षा जास्त येतो.

दहाबाराचा पाना (वणी रोड)

स्कॅनर माझ्याकडे आहे. कर्ज काढून घेतला. पण प्रत्येक कंपनीचं कुलूप वेगळं, काही गाड्या त्याच्याशी बोलतच नाहीत. बहारवाले भाऊ, गाडी पसंत करण्याआधी वरुड-मोर्शीच्या चार गॅरेजांत जा आणि विचारा, "या गाडीचा दिवा लागला तर तुमच्याकडे विझेल का?" जो म्हणेल "आधी बघतो", त्याच्यावर विश्वास ठेवा. आणि ६५ कॅरेटच्या दोन फेऱ्या करा.

बहारवाला

दोन फेऱ्यांचं डिझेल तुम्ही देता का, असं लिहिणार होतो. खोडलं.

सोमवारी वरुडला जातो, मंगळवारी मोर्शी. ताई, तुमच्या वहीचे चार रकाने उतरवून घेतलेत. प्रत्येक गॅरेजात तिसरा-चौथाच आधी विचारीन. भाचा, तू यापुढे तारे पाठवू नकोस. कोणत्या गाडीचं सामान अमरावतीत पडून असतं ते शोध, तेवढं पुण्यातून फोनवर जमेल.

साळ्याला दोनदा फोन लावला. उचलत नाही.

स्टेअरिंगवाला (एमएच-२९)

भाऊ, थो साळा किती मांगून रायला? अन् किलोमीटर किती झाले तिचे?