मदत हवी आहे: पायथनमधून ज्युपिटर नोटबुक तयार करून चालू असलेल्या ज्युपिटर लॅबमध्येच (नोटबुक ब्राउझरमध्ये उघडणारा प्रोग्राम) उघडायची आहे

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे मोजमापांच्या सीएसव्ही फाइल्स सतत येत असतात आणि प्रत्येकीसाठी वेगळी नोटबुक लागते. वर थोडी माहिती, मग फाइल वाचणारा कोड, मग आलेख. सध्या जुन्या नोटबुकची कॉपी करून आतलं फाइलचं नाव हाताने बदलतो. हे स्क्रिप्टने व्हावं आणि तयार झालेली नोटबुक लगेच ब्राउझरमध्ये समोर यावी, एवढंच हवं आहे.

नोटबुक ही शेवटी जेसन (साध्या मजकुरात रचलेली माहिती) फाइलच असते, म्हणून पायथनचं जेसन मॉड्यूल वापरून सगळे सेल (नोटबुकचे कप्पे) स्वतः लिहिले. फाइल उघडते, पण दर वेळी कर्नल (कोड चालवणारा भाग) निवडायला सांगते आणि सेलला आयडी नसल्याची वॉर्निंग येते.

खरा त्रास उघडण्याचा आहे. स्क्रिप्टमधून ज्युपिटर लॅबची कमांड फाइलच्या नावासकट दिली, की ८८८८ पोर्टवर सर्व्हर चालू असतानाही ८८८९ वर दुसरा सुरू होतो. पुढच्या फाइलला तिसरा. मला आधीचाच सर्व्हर वापरायचा आहे. कसं करावं?

प्रतिसाद १:
जेसन हाताने लिहू नका, एनबीफॉरमॅट लायब्ररी वापरा. तिच्या व्ही४ मॉड्यूलमध्ये नवी नोटबुक, मार्कडाउन सेल आणि कोड सेल बनवणारी तयार फंक्शन्स आहेत. सेलचा आयडी फॉरमॅटच्या ४.५ आवृत्तीपासून सक्तीचा झाला. ही फंक्शन्स तो आपोआप घालतात. कर्नलचा प्रश्न नोटबुकच्या मेटाडेटातल्या कर्नलस्पेकचा (कोणता कर्नल वापरायचा ही नोंद) आहे. तिथे नाव आणि दाखवायचं नाव दोन्ही भरा. नाव मात्र कर्नलस्पेकच्या यादीत दिसतं तेच हवं, नाहीतर पुन्हा विचारेल.

प्रतिसाद २:
उघडण्याबद्दल. ती कमांड मुळात सर्व्हर सुरू करणारी आहे, त्यामुळे ती नवा सुरू करणारच. चालू सर्व्हर शोधायला ज्युपिटर सर्व्हरमध्येच फंक्शन आहे. ते प्रत्येक सर्व्हरचा पत्ता, टोकन (प्रवेशाची किल्ली) आणि मूळ फोल्डर देतं. त्या पत्त्यापुढे 'lab', मग 'tree' हे शब्द आणि मग फाइलचा मार्ग जोडा, आणि पायथनच्या वेबब्राउझर मॉड्यूलला द्या. मार्ग सर्व्हरच्या मूळ फोल्डरपासून मोजायचा, डिस्कवरचा पूर्ण मार्ग चालत नाही. बहुतेकांचं इथेच अडतं. फाइल त्या फोल्डरच्या बाहेर असेल तर सर्व्हरला ती दिसणारच नाही, तेव्हा आधी स्क्रिप्ट फाइल कुठे लिहिते ते तपासा.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार! कर्नल विचारणं थांबलं, नोटबुक ८८८८ वरच उघडते. माझी फाइल खरंच मूळ फोल्डरच्या बाहेर जात होती. आता एकच शंका: नोटबुक टॅबमध्ये उघडी असताना स्क्रिप्टने तीच फाइल पुन्हा लिहिली, तर सेव्ह करताना लॅब सांगते की डिस्कवरची फाइल बदलली आहे. यावर उपाय?

प्रतिसाद २:
उघड्या फाइलवर लिहूच नका. तुमच्या कामाला पेपरमिल (नोटबुकला वेगवेगळ्या किमती देऊन चालवणारं साधन) जास्त योग्य वाटतं. एकच साचा-नोटबुक ठेवा, सीएसव्हीचं नाव असलेल्या सेलला 'पॅरामीटर्स' (parameters) टॅग द्या. पेपरमिल त्या सेलखाली नव्या किमतींचा सेल घालतं, सगळं चालवतं आणि निकाल वेगळ्या फाइलमध्ये लिहितं. साच्याला हात लागत नाही, आणि नोटबुक उघडाल तेव्हा आलेख तयारच असतील. आउटपुटच्या नावात तारीख-वेळ घाला, म्हणजे आधीची उघडी नोटबुकही सुरक्षित राहील.